मिटल्या तोंडाची पिवळी

दारातच कुणीतरी तिच्या हातात एक काळा हातमोजा कोंबला.

"डाव्या हातात घाला, ताई," मोजे वाटणारी बाई म्हणाली. साठीची, गोल चेहऱ्याची, चष्म्याला साखळी लावलेली. "आणि कुणी भेटलं की हे असं." तिनं स्वतःचा काळा पंजा खांद्यापर्यंत उचलला आणि करंगळी आकड्यासारखी वाकवली. "हा वाकड्याचा सलाम. आज दिवसभर इथे दुसरा नमस्कार चालत नाही."

मोजा घालायला हिनं हात पुढे केला आणि त्या बाईचे डोळे चमकले. हिची डाव्या हाताची करंगळी मुळातच वाकडी होती, वरचं पेर आत वळलेलं.

"अगंबाई! तुम्ही तर घरूनच तयारी करून आलात."

"जन्मापासून आहे ती."

"नशीबवान आहात हो. आम्ही संध्याकाळपर्यंत बोट दुखेस्तोवर वाकवून हिंडतो."

त्या करंगळीवरून तिला आजवर पुष्कळ काही ऐकावं लागलं होतं, पण नशीबवान कुणी म्हटलं नव्हतं. ती कसनुसं हसली आणि आत गेली.

घरात तिला बारकी म्हणत. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बारकीची थोरली काही झाली नाही. धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे पुढ्यात घेऊन बसायचं, प्लास्टरची धूळ खायची आणि कुणाच्या हिरडीला कुठे टोचणार नाही याची काळजी वाहायची. रहस्यकथांशी तिचा संबंध एवढाच, की तिचे बाबा त्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवत, आणि त्या मुखपृष्ठांवर दर महिन्याला जी बाई मारली जायची ती तिची आई होती.

कधी गळा दाबून, कधी सुऱ्यानं, कधी विहिरीत ढकलून. अंगात कायम तोच पिवळा झगा, मोकळे केस आणि वासलेलं तोंड. वाचकांनी तिचं नाव पिवळी ठेवलं. पिवळी कोण, कुठली, हे कुणी विचारलं नाही. चित्रकाराला घरचीच बाई हाताशी होती, झग्याला रंग कमी लागत होता, झालं.

बारकी चार वर्षांची असताना आई आजारानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटो कशाला, मी आहे की, असं बाबा म्हणायचे म्हणे. पण आई गेल्यावर बाबांनी पुन्हा माणसाचा चेहरा म्हणून काढला नाही. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यांवर पंखे काढले, बिस्किटांचे पुडे काढले. गेल्या वर्षी ते गेले. बारकीनं घरातलं कपाट न् कपाट उपसलं, पण आईची साधी पेन्सिलची रेघ सापडली नाही.

तिच्यापाशी आईचा चेहरा होता तो जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर सापडलेला. डोळे पांढरे झालेले, घसा ताणलेला. आईचे दात मात्र तिला पाठ होते. वरचा डावा सुळा जरासा पुढे आलेला, शेजारच्या दातावर चढलेला. स्वतःच्या आईचा जबडा कुणी मागितला असता तर तिनं डोळे मिटून घडवून दिला असता. पण तोंड मिटलं की आई कशी दिसायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि दुसरं एक होतं, ते ती कुणाशी बोलत नसे. आईच्या आजारपणात मदतीला आलेली आत्या पुढे राहूनच गेली. बारकीला तिनंच वाढवलं. आत्या मायेची, पण जिभेला हाड नाही. रागावली की म्हणायची, "तू आधीपासून अशीच दगड. आई हाका मारून मारून दमायची आणि तू दारामागे लपून बसायचीस. शेवटपर्यंत गेली नाहीस जवळ." बारकीला यातलं काहीच आठवत नव्हतं. न आठवणारी गोष्ट खोटी आहे असंही म्हणता येत नाही. ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं तिच्या आत राहून गेलं होतं.

म्हणून मंडळाचा फोन आला तेव्हा ती लगेच हो म्हणाली. रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा आणि जमवणाऱ्यांचा मेळावा होता. चित्रकारांच्या घरचं कुणी आलं तर आनंद होईल, फोनवरचा माणूस म्हणाला. आणि सहज पुढे म्हणाला, "यंदा एक मूळ चित्र ठेवतोय. पिवळी किंचाळत नाही असं ते एकमेव मुखपृष्ठ. तोंड मिटलेलं आहे."

त्या रात्री बारकीला झोप लागली नव्हती.

मेळावा एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर भरला होता. दुकान गेलं तरी खांबाखांबाला लावलेले उंच आरसे तसेच राहिले होते. टेबलांवर पुस्तकांच्या चळती, प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक जपून घातलेली, आणि प्रत्येक पिशवीतून पिवळी ओरडत होती. भिंतीवर, पिशव्यांवर, लोकांच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर तीच. आरशांमुळे सगळं दुप्पट झालेलं. पाचशे तोंडं उघडी आणि आवाज मात्र चहाच्या कपांचा. बारकीला वाटलं, आपल्याच कानांना काहीतरी झालंय.

लोक छान होते. काळे पंजे उचलून, करंगळ्या वाकवून एकमेकांना सलाम ठोकत होते, कुठल्या आवृत्तीत छपाईची काय गंमत झाली यावर हमरीतुमरीवर येत होते. एक आजोबा तर पिशवीतलं पुस्तक नाकाशी नेऊन डोळे मिटून उभे होते.

मग एका आरशात तिला पाठमोरी पिवळी दिसली.

पिवळा झगा, पाठीवर मोकळे सुटलेले केस, मान किंचित कलती.   आई, असा शब्द बारकीच्या ओठापर्यंत येऊन थांबला. मोठ्यानं तो तिनं कळत्या वयात कुणाला उद्देशून उच्चारला नव्हता. तेवढ्यात पिवळी वळली. दाढीवाला एक गृहस्थ होता, गळ्याला लाल रंग फासलेला, हातात अर्धं खाल्लेलं केळं. "केस फार गरम होतात हो," असं म्हणून त्यानं टोप सारखा केला. बारकी हसली.

"तुम्ही चित्रकारांच्या कन्या ना?" मागून कुणीतरी म्हणालं. फोनवरचा आवाज तिनं ओळखला. उंच, वाकलेला माणूस. औषधांचं दुकान चालवणारा आणि या सगळ्या मंडळीत सर्वांत मोठा संग्राहक. सगळे त्याला औषधवाले म्हणत. "या, या. तुमची पिवळी तिकडे आहे."

तुमची, असं तो सहज बोलून गेला. पिवळी कोण होती ते त्याला माहीत नव्हतं, आणि बारकीनं सांगितलं नाही.

कोपऱ्यात, जिथे पूर्वी दुकानाचा गल्ला असावा, तिथे काचेच्या चौकटीत चित्र उभं केलं होतं. वरून दिवा सोडलेला. पुढे चार-पाच माणसं घोळका करून वाद घालत होती.

बारकीनं आधी तोंडाकडे पाहिलं.

मिटलेलं होतं. वरचा ओठ डाव्या बाजूला इतकासा उचललेला, आतल्या सुळ्यानं ढकलल्यासारखा. म्हणजे ही आईच. चाळीस-पन्नास वेळा जिला मरताना पाहिली ती. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली सावल्या, आणि ओठांच्या कडेला हसू. कुणाला दिसू नये म्हणून दाबलेलं नाही, तर दमलेल्या माणसाला जेवढं जमतं तेवढंच. बारकी नुसती बघत राहिली. आपण आईपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे झालोय, हे तिला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं, आणि तिला त्या पोरसवदा बाईची फार दया आली.

"हाच तो!" औषधवाले खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "वाकड्याचं पहिलं दर्शन."

चित्राच्या कडेतून एक काळा हातमोजा आत आला होता आणि पिवळीच्या हातात गुंतला होता. मोजा लहान होता, खूपच लहान. त्याची करंगळी वाकडी होती.

"बुटका खुनी, वाकडी करंगळी," औषधवाले रंगात येऊन सांगू लागले. "या एका पुस्तकातून आला आणि पुढे डझनभर पुस्तकं गाजवली पठ्ठ्यानं. पण खरी मौज इथे आहे. पिवळी ओरडत का नाही? आणि ती खुन्याच्या तोंडाकडे न बघता खाली का बघते?"

"खुनी ओळखीचा आहे म्हणून," घोळक्यातला एकजण म्हणाला.

"प्रेम आहे तिचं त्याच्यावर. बोटं बघा ना, तिनंच त्याचा हात धरलाय."

"काहीतरीच. पळून जाऊ नये म्हणून धरलाय."

बारकीच्या डाव्या हातातल्या मोज्यात घाम सुटला होता. तिनं तो काढला. स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं, मग काचेतल्या. मग पुन्हा स्वतःच्या. 

"हात दाखवा बघू," शेजारून एक चिरका आवाज आला.

भिंतीला टेकलेल्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. छातीवर सर्वांत मोठा बिल्ला. वाकड्याचा जन्मदाता, आजचा प्रमुख पाहुणा. बोलताना त्याची खालची कवळी टकटक वाजत होती. एरवी बारकीनं तिथल्या तिथे मोजमाप घेतलं असतं. तिनं मुकाट्यानं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तिची करंगळी आपल्या दोन बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"म्हणजे तू ती," तो म्हणाला. "बस इथे."

ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या खोक्यावर बसली.

"आमच्याकडे काम उलटं चालायचं," लेखक म्हणाला. "आधी चित्र यायचं. प्रकाशक ते माझ्यापुढे टाकायचा, हिला कुणी मारलं ते लिही म्हणायचा. तुझ्या बापाला गोष्ट कधी माहीत नसायची, आणि मला बाई माहीत नव्हती. एका महिन्याला तुझा बाप हे चित्र कागदात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, घरी जरा अडचण आहे, या वेळी एवढंच झालंय. उघडलं तर काय, बाई हसतेय, आणि कडेला लहान मुलाचा हात. गोरा, गुबगुबीत, करंगळी वाकडी."

"मुलाचा," बारकी म्हणाली.

"तुझा. प्रकाशक खवळला. खुनाच्या पुस्तकावर पोर कसं चालेल? छापखान्यात फोटोवर हात फिरवणारा एक कारागीर होता, त्याला सांगितलं. त्यानं त्या हातावर काळा रंग चढवला. आकार काही बदलला नाही, तेवढा वेळच नव्हता. मग मी आपला बसलो, एवढ्याशा हाताचा खुनी कुठून आणू म्हणत. त्यातूनच हा वाकड्या जन्मला." त्यानं हॉलभर उंचावलेल्या काळ्या पंजांकडे पाहिलं. "लोकांना फार आवडला. मला घर बांधून दिलं त्यानं."

"बाबा परत आले नाहीत चित्र न्यायला?"

"आला होता. छापलेलं पुस्तक हातात घेतलं, त्या हाताकडे बघितलं आणि खाली ठेवलं. चित्र मागितलंच नाही. पुन्हा आला नाही." कवळी टकटकली. "बाई वारल्याचं मला फार पुढे कळलं, पोरी. मी तिला सबंध तरुणपणभर मारत होतो, आणि ती खरंच मरत होती तेव्हा मला पत्ता नव्हता. कधी कधी स्वप्नात येते ती. ओरडत नाही. अशीच बघते, खाली."

बारकीला त्याच्यावर रागावता आलं असतं. पण म्हाताऱ्याचे डोळे ओले होते, आणि तिच्या मनात एकच गोष्ट धडधडत होती. मी गेले होते. दगड नव्हते. मी आईच्या जवळ गेले होते, तिनं माझा हात धरला होता. उगाच आयुष्यभर जीव जाळला.

हे आत्याला सांगितल्याशिवाय तिला राहवेना. बोलायला शांत जागा हवी म्हणून ती गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या दुकानाच्या जुन्या खोलीत शिरली. तिन्ही बाजूंनी आरसे. तीन बारक्यांनी कानाला फोन लावला.

"आत्या, आईच्या आणि माझ्या हाताचं चित्र होतं. बाबांनी काढलेलं. तू म्हणायचीस मी कधी तिच्याजवळ गेले नाही..."

पलीकडे चालू असलेला टीव्ही आत्यानं बंद केला. 

"कुठे मिळालं ते तुला?" ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तिथेच होते की मी. तू गेली नाहीस, बारके. तुला नेली. तुझा बाप म्हणाला, एकदा दोघींना एकत्र काढतो, पुन्हा व्हायचं नाही. तुला दारामागून उचलून आणली आणि खुर्चीपाशी उभी केली. तू जे भोकाड पसरलंस! ऊर फुटेल असं किंचाळत होतीस. तुझी तरी काय चूक, तिचे केस गेले होते, अंगाला औषधाचा वास मारायचा, तुला ती ओळखू येत नव्हती. चित्रातले केस तुझ्या बापानं मनानं काढलेत. हात सोडवून घ्यायला तू नुसती धडपडत होतीस. तिनं नाही सोडला. म्हणून तेवढा हातच चित्रात आला तुझा."

बारकीनं आरशाला हात टेकला.

"मी म्हटलं, वहिनी, सोड तिला, घाबरलीय पोर. तर तुझी आई हसली. म्हणाली, ओरडू दे तिला, वन्सं. तेवढाच आवाज ऐकू दे मला तिचा." आत्याचा आवाज चिरकला. "हे कसं सांगायचं गं तुला? त्यापेक्षा आली नाहीस म्हणणं बरं वाटलं मला. आणि रागाच्या भरात तेही नको तसं बोलत गेले."

फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा मेळावा संपत आला होता. टेबलं आवरली जात होती. औषधवाले एका खुर्चीवर चढले आणि त्यांनी टाळी वाजवली. दर वर्षी मेळाव्याचा शेवट तसाच होतो, शेजारच्या माणसानं तिला सांगितलं. सगळे मिळून पिवळीसाठी एकदा किंचाळतात. तिच्या सगळ्या मरणांची मिळून एक किंकाळी.

"आज चित्रकारांच्या कन्या सुरुवात करतील," औषधवाल्यांनी जाहीर केलं.

"मी चित्रापाशी उभी राहते," बारकी म्हणाली. "तुम्ही करा."

लोकांनी तिला वाट दिली. काळे पंजे वर गेले, करंगळ्या वाकल्या, आणि हॉल किंचाळला. म्हातारे, बाया, तो दाढीवाला, सगळे. आरसे थरथरले. आणि त्या आवाजात, खूप खालून, एक बारीक आवाज तिला ऐकू आला. श्वास अडकत अडकत येणारा, चार वर्षांच्या पोरीचा. तो तिनं ओळखला. या सगळ्या पुस्तकांतून, गाड्यांवरून, पिशव्यांतून इतकी वर्षं तिला वाटायचं आई ओरडतेय. आई कधीच ओरडत नव्हती. ती समोर बसून तो आवाज ऐकत होती, पुरवून पुरवून, आणि हसत होती.

बारकीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मोजा न घातलेला डावा हात तिनं काचेवर ठेवला, त्या काळ्या लहान हातावर, आईच्या बोटांखाली. काच थंडगार होती. तो हात तिच्या तळव्याखाली झाकून गेला. त्याची वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहिली, निसटू बघणारी, तेव्हासारखीच.

किंकाळी विरली. कुणीतरी हसलं, कुणीतरी खोकलं, खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. मोजे परत गोळा करणारी बाई टोपली घेऊन तिच्यापाशी येऊन थांबली. "ताई, काचेला हात लावू नये," ती हळूच म्हणाली.

"थोडा वेळ," बारकी म्हणाली. "तिनं अजून सोडलेला नाही."